डेबियन पॅकेजमधले लांब मेसेज नीट दिसावेत म्हणून: कामाच्या नोंदी, जून-जुलै २०२४

३ जून २०२४ (२ तास)

सातारा जिल्ह्यातल्या नऊ सार्वजनिक वाचनालयांत मी लिहिलेला देवघेवीचा प्रोग्राम चालतो. वर्गणीदार कोण, अनामत किती, कुठल्या दाखल अंकाचं (नोंदणी क्रमांकाचं) पुस्तक कुणाकडे गेलं, एवढंच त्याचं काम. सगळीकडे डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. प्रोग्रामचं मी डेबियन पॅकेज, म्हणजे इन्स्टॉल करता येईल असा गठ्ठा, करते आणि माझ्या छोट्या रेपॉझिटरीतून (पॅकेजं ठेवायच्या जागेतून) पाठवते. सात मशीन रात्री आपोआप अपडेट होतात, दोन मी किंवा ग्रंथपाल हाताने करतो.

पुढच्या आवृत्तीत डेटाबेसची रचना बदलतेय. ग्रंथपालांना तीन गोष्टी कळायला हव्यात: अपडेटच्या वेळी प्रोग्राममधली देवघेवीची खिडकी बंद असावी, जुन्या डेटाची प्रत कुठे ठेवली आहे, आणि पहिल्यांदा उघडताना पाच-सात मिनिटं लागली तरी मशीन बंद करू नये. म्हणजे सात-आठ ओळींचा मजकूर. मार्चमधल्या आवृत्तीत असाच मजकूर निम्मा कापला गेला होता, आणि एका ठिकाणी मशीन मधेच बंद केल्यामुळे दोन दिवसांच्या नोंदी पुन्हा घालाव्या लागल्या. तो त्रास ग्रंथपालांनी काढला, चूक माझी होती. या वेळी ते होऊ द्यायचं नाही.

आज फक्त मोजदाद. माणसाने वाचायचा मजकूर माझ्या पॅकेजमध्ये पाच ठिकाणी निघाला: कंट्रोल फाइलमधलं (पॅकेजच्या माहितीच्या फाइलमधलं) वर्णन, प्रीइन्स्ट (फाइली उतरण्याआधी चालणारी स्क्रिप्ट), पोस्टइन्स्ट (त्या उतरल्यावर चालणारी), रूल्सची मेकफाइल (पॅकेज कसं बनवायचं त्याच्या सूचना) आणि न्यूजची फाइल (नव्या आवृत्तीतल्या बदलांची सूचना). ओळ कुठे मोडायची, रिकामी ओळ कशी लिहायची, समास किती सोडायचा, याचे नियम पाचही ठिकाणी वेगळे. मी मात्र सगळीकडे सारखंच लिहीत आले होते.

४ जून (अडीच तास)

सुरुवात कंट्रोल फाइलपासून, कारण ती सगळ्यात सोपी वाटली. वर्णनाला दोन परिच्छेद केले, मधे एक ओळ मोकळी सोडली आणि बिल्ड (पॅकेज बनवायची प्रक्रिया) तिथेच थांबला. तक्रार अशी की पुढे चालू ठेवलेली ओळ आहे, पण ती कुठल्या रकान्याची ते कळत नाही.

कंट्रोल फाइलमध्ये खरी रिकामी ओळ म्हणजे तो नोंद-गट संपला. त्यामुळे माझा दुसरा परिच्छेद कुणाचाच राहिला नाही. परिच्छेद तोडायचा तर एक स्पेस आणि एक टिंब एवढंच असलेली ओळ लिहायची:

```
डिस्क्रिप्शन: वाचनालयाच्या देवघेवीची नोंदवही
 वर्गणीदार, अनामत आणि दाखल अंक यांची नोंद ठेवते.
 .
 एका मशीनवर एकच वाचनालय धरले आहे. पडद्यावर असे दिसते:
 .
   दाखल अंक    पुस्तक    वर्गणीदार
```

ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस असेल तर दाखवणारा प्रोग्राम ती ओळ आपल्या सोयीने पुढच्या ओळीला जोडतो आणि हवी तिथे मोडतो. दोन किंवा जास्त स्पेस असतील तर ती जशीच्या तशी दाखवतो. टॅब वापरायचाच नाही, तो कुठे कसा दिसेल याची खात्री नाही. पहिली ओळ ८० अक्षरांच्या आत ठेवायची, तिची सुरुवात पॅकेजच्या नावाने करायची नाही आणि शेवटी पूर्णविराम द्यायचा नाही.

मधे एक तास वेगळ्याच कारणाने गेला. टिंबाच्या ओळीऐवजी नुसती एक स्पेस ठेवून चालेल असं मी धरलं होतं. माझा एडिटर सेव्ह करताना ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा छाटतो, त्यामुळे ती ओळ पुन्हा रिकामी व्हायची आणि मी 'आत्ताच तर दुरुस्त केलं' म्हणत तीच चूक शोधत बसायचे. एडिटरने छाटलं नसतं तरी चाललं नसतं, कारण नुसत्या स्पेसची ओळसुद्धा गट संपल्याची खूण धरली जाऊ शकते. टिंब लागतंच.

६ जून (४ तास)

आज मराठीचा खास प्रश्न. लांब परिच्छेद ७२ च्या रुंदीत बसवायला ओळी मोडणारी नेहमीची फोल्ड कमांड चालवली. काही ओळी पाव पडद्यावरच संपल्या, आणि ओळींच्या टोकांना काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं उगवली.

कारण साधं आहे, पण ते नजरेला पडायला मला तास लागला. डेबियन १२ मधली फोल्ड बाइट मोजते, आणि यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं असतं. 'विद्यार्थी' हा शब्द घ्या. वाचताना तीन अक्षरं: वि, द्या, र्थी. संगणकाच्या हिशेबी चिन्हं दहा: व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दुसरी वेलांटी. बाइट तीस. म्हणजे ७२ च्या मापात असे दोन शब्द बसतात आणि तिसऱ्याचा जेमतेम तुकडा. तो तुकडा एखाद्या चिन्हाच्या तीन बाइटांच्या मधेच पडला की प्रश्नचिन्ह.

फक्त शब्दांच्या मधे मोडायचा पर्याय दिल्यावर प्रश्नचिन्हं गेली, पण ओळी तशाच आखूड. रुंदी तिप्पट करून पाहिली, तर ज्या ओळींत इंग्रजी मार्ग होते त्या पडद्याबाहेर गेल्या. हा जुगाड कुणी करू नये.

शेवटी ओळी मोडायचं पायथनचं टेक्स्टरॅप घेतलं. ते बाइट न मोजता चिन्हं मोजतं. मात्रा आणि हलन्त वेगळे मोजल्यामुळे मराठी ओळ मापापेक्षा थोडी आखूड दिसते, त्याने काही बिघडत नाही. बिघडलं ते दुसरीकडे: ते आपणहून जोडरेघेवर ओळ मोडतं आणि फार लांब शब्द मधेच कापतं. माझ्या मजकुरात प्रतीच्या फोल्डरचा लांब मार्ग होता. तो दोन ओळींत तुटला. ग्रंथपालाने तो तसाच टाइप केला असता तर काहीच सापडलं नसतं. दोन्ही सवयी बंद करायचे पर्याय आहेत, ते बंद केले. शिवाय टेक्स्टरॅपला परिच्छेद कळत नाहीत, सगळा मजकूर ते एकत्र गुंडाळतं. म्हणून आधी रिकाम्या ओळींवर तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा द्यायचा.

८ जून (३ तास)

पोस्टइन्स्ट. इथे मजकूर हिअर-डॉक्युमेंटमध्ये (स्क्रिप्टमध्येच लिहिलेल्या अनेक ओळींच्या तुकड्यात) होता, म्हणजे << आणि शेवटाची खूण ईओएफ. स्क्रिप्टच्या आत तो केसच्या फाट्यात येतो, आणि मजकूर मात्र डाव्या कडेला चिकटून लिहावा लागतो. डोळ्यांना ते खुपत होतं, म्हणून <<- केलं आणि सगळं आत सरकवलं. चाचणीच्या मशीनवर पॅकेज बसेना. डॅशने सांगितलं, फाइल अनपेक्षितपणे संपली, दोन अर्धविराम अपेक्षित होते. (डेबियनमध्ये आज्ञा चालवणारा साधा प्रोग्राम, म्हणजे शेल, हा डॅश असतो, २०११ च्या स्क्वीझ आवृत्तीपासून.)

मी अर्धविराम मोजत बसले. ते सगळे जागेवर होते. <<- फक्त सुरुवातीचे टॅब काढतं, स्पेस काढत नाही. माझ्या एडिटरने टॅबचे स्पेस केले होते, त्यामुळे आत सरकवलेली ईओएफची ओळ खूण म्हणून ओळखलीच गेली नाही आणि पुढची सगळी स्क्रिप्ट मेसेजच्या पोटात गेली.

दुसरी चूक याच मेसेजमध्ये, आणि ती जास्त वाईट, कारण ती काही न बोलता घडते. ईओएफला अवतरण लावलं नव्हतं. मजकुरात घरच्या फोल्डरचं डॉलरवालं नाव होतं. ते शेलने उलगडलं, आणि पोस्टइन्स्ट रूट म्हणून, म्हणजे मशीनच्या प्रशासकाच्या अधिकाराने, चालत असल्यामुळे पडद्यावर आलं की प्रत रूटच्या घरात आहे. तिथे ग्रंथपालाला जाताच येत नाही. सुरुवातीच्या खुणेला एकेरी अवतरण लावलं की आतला मजकूर जसाच्या तसा राहतो. आता मेसेज कितीही साधा असला तरी अवतरण लावतेच.

बिल्डमध्ये प्रत्येक स्क्रिप्ट न चालवता नुसती वाचून तपासायची शेलची पायरी घातली. पॅकेज तपासणाऱ्या लिंटियननेही ही चूक पकडली असती, पण त्या दिवशी मी ते चालवलंच नव्हतं.

९ जून (अर्धा तास)

मजकूर छापायला एको सोडून प्रिंटएफ वापरायला घेतलं, कारण डॅशचा एको आणि बॅश या दुसऱ्या शेलचा एको उलट्या तिरक्या रेघेशी वेगवेगळे वागतात. पहिल्याच चाचणीत 'डिस्कवर १०% जागा मोकळी हवी' या ओळीने स्क्रिप्ट पाडली. मेसेजच मी साच्याच्या जागी दिला होता, आणि टक्क्याचं चिन्ह तिथे सूचना ठरतं. साचा वेगळा द्यायचा, मजकूर त्यानंतर. एकाच प्रिंटएफला चार ओळी चार अवतरणांत दिल्या तर साचा प्रत्येकीला पुन्हा लागतो आणि चार ओळी नीट छापल्या जातात. स्क्रिप्टमध्येही त्या सरळ एकाखाली एक दिसतात. छोट्या मेसेजसाठी आता हिअर-डॉक्युमेंट नको, हेच.

१२ जून (५ तास)

रूल्सची फाइल. ही मेकफाइल, म्हणजे मेक या प्रोग्रामसाठीची सूचनांची फाइल असते, आणि आतापर्यंत सगळ्यात जास्त वेळ हिने घेतला.

गरज अशी: प्रत्येक वाचनालयाची विषयसूची वेगळी असल्यामुळे ती सोर्समध्ये नसते, बिल्डच्या आधी हाताने ठेवायची असते. फलटणचा माझा एक सहकारीही पॅकेज बनवतो. सूची नसेल तर बिल्डने थांबून चार ओळींत काय करायचं ते सांगावं.

पहिला प्रयत्न: डिफाइन-एंडेफमध्ये (मेकमध्ये अनेक ओळींचा व्हेरिएबल लिहायची रीत) चार ओळी लिहिल्या आणि रेसिपीत (मेकने चालवायच्या आज्ञांत) एकोला अवतरणांत तो व्हेरिएबल दिला. उत्तर: अवतरण बंद झालेलं नाही. मेक आधी व्हेरिएबल उलगडतं, मग प्रत्येक ओळ वेगळ्या शेलला देतं. पहिल्या शेलला उघडणारं अवतरण आणि पहिली ओळ मिळाली, बंद करणारं अवतरण चौथ्या ओळीवर राहिलं. अवतरणं काढून टाकली तर दुसऱ्या ओळीतला पहिला शब्द 'आधी' हीच कमांड समजून शेल ती शोधायला गेला.

दुसरा प्रयत्न: मेकचं स्वतःचं एरर फंक्शन. मेसेज आला, पण असा:

```
डेबियन/रूल्स:१४: *** विषयसूचीची फाइल सापडली नाही.
आधी ती डेटा फोल्डरमध्ये ठेवा.
नमुना सोर्सच्या नमुने फोल्डरमध्ये आहे.
मग बिल्ड पुन्हा सुरू करा..  स्टॉप.
```

पहिली ओळ फाइलच्या नावामुळे उजवीकडे ढकललेली, बाकीच्या डाव्या कडेला, आणि शेवटी माझं टिंब अधिक मेकचं टिंब. मेसेजची सुरुवात रिकाम्या ओळीने केली, म्हणजे फाइलचं नाव आणि तीन तारे वरच राहतात आणि माझ्या चारही ओळी एका रेषेत येतात. शेवटची ओळसुद्धा रिकामी ठेवली, म्हणजे मेकचं 'स्टॉप' खाली वेगळं पडतं.

हे जमल्यावर लक्षात आलं की मी ही तपासणी फाइलच्या वरच्या पातळीवर लिहिली आहे. बिल्डची आज्ञा सगळ्यात आधी क्लीन चालवते, आणि वरच्या पातळीवरचं एरर क्लीनलाही अडवतं. सूची नसताना साधी साफसफाईही होईना. तपासणी बिल्डच्या लक्ष्याच्या रेसिपीत हलवली.

तिथे गेल्यावर एररची गरजच उरली नाही. शेवटी ठेवलं ते असं: डिफाइनमध्ये मजकूर, तो व्हेरिएबल एक्स्पोर्ट केलेला, आणि रेसिपीत प्रिंटएफला दोन डॉलर लावून शेलचा व्हेरिएबल अवतरणांत दिलेला. मेक मजकुराला हातच लावत नाही. तो पर्यावरणातून शेलकडे जातो आणि ओळी शाबूत राहतात. त्यानंतर एक्झिट १. हा मेसेज एररच्या वाटेला, म्हणजे दोन नंबरच्या प्रवाहात पाठवला, म्हणजे बिल्डचा लॉग गाळून पाहणाऱ्यालाही तो दिसतो.

१३ जून (१ तास)

कालचीच पुरवणी. असे मेसेज तीन झाले, म्हणून छापायचं काम मेकच्या कॉल फंक्शनमधून करायचं ठरवलं. 'आधी सूची ठेवा, मग बिल्ड पुन्हा करा' यातलं फक्त 'आधी सूची ठेवा' छापलं गेलं. कॉलला स्वल्पविराम म्हणजे पुढचा आर्ग्युमेंट. मराठीत स्वल्पविरामाशिवाय चार ओळी लिहिणं अवघड, आणि टाळूही नये. मजकूर थेट न देता व्हेरिएबलचं नाव दिलं की सुटतं, कारण मेक आर्ग्युमेंटचे तुकडे उलगडण्याआधी पाडतं. एक तास गेला तो यामुळे की कापलेला मेसेजही वाचायला पूर्ण वाटत होता. मला तो दोनदा बरोबरच वाटला.

१७ जून (६ तास, पेट्रोल १०० रुपये)

कोरेगाव. तिथे एक नवं मशीन आलं होतं आणि जुन्यावर चाचणीची आवृत्ती घालायची होती, म्हणून स्वतः गेले.

आठवड्याभरात मी मजकूर स्क्रिप्टमधून काढून वेगळ्या टेक्स्ट फाइलींत ठेवला होता. त्या पॅकेजसोबत शेअरच्या फोल्डरमध्ये जातात आणि स्क्रिप्ट त्या नुसत्या कॅट कमांडने दाखवते. पोस्टइन्स्टला हे चोख चाललं. मी तेच प्रीइन्स्टलाही लावलं.

नव्या मशीनवर पॅकेज बसेना: प्रीइन्स्ट एरर देऊन संपली. जुन्या मशीनवर बसलं, मेसेजही आला. शेजारी उभे असलेले ग्रंथपाल काका चष्मा सावरून तो वाचत होते. म्हणाले, "ताई, हे मागच्या वेळचंच आहे की. मार्चमधलं."

बरोबर होतं. प्रीइन्स्ट चालते तेव्हा नव्या पॅकेजच्या फाइली अजून डिस्कवर उतरलेल्याच नसतात. नव्या मशीनवर त्या ठिकाणी काहीच नव्हतं, म्हणून कॅट फसली आणि तिच्याबरोबर स्क्रिप्टही. जुन्या मशीनवर मागच्या आवृत्तीची फाइल होती, तीच दाखवली गेली. दुसरी चूक जास्त घातक, कारण तिथे काहीच लाल होत नाही. काकांनी वाचलं नसतं तर मी समाधानाने घरी आले असते.

प्रीइन्स्टमध्ये मजकूर हवाच असेल तर तो बिल्डच्या वेळी स्क्रिप्टच्या पोटातच घालावा लागतो. खुणेची एक ओळ ठेवायची आणि सेड कमांडने तिच्या जागी फाइल ओतायची. मी ते तिथेच बसून केलं आणि दोन्ही मशीन नीट केली. परतताना मात्र डोक्यात वेगळंच चाललं होतं: तो मेसेज काकांनी पाहिला, कारण मी तिथे होते. रात्री तीन वाजता आपोआप अपडेट होणाऱ्या सात मशीनवर तो कोण पाहणार?

१९ आणि २० जून (९ तास)

म्हणून डेब्कॉन्फ. अपडेटच्या वेळी चौकटीत निवेदन दाखवायची ही डेबियनची अधिकृत वाट. टेम्प्लेटच्या मजकुराला कंट्रोल फाइलचेच नियम, त्यामुळे ४ जूनचं काम उपयोगी पडलं. ओळी तो स्वतः मोडतो, त्यामुळे हाताने मोडायच्या नसतात. इंग्रजी मूळ आणि मराठी भाषांतराची पीओ फाइल, असं रीतसर केलं.

अडलेल्या जागा, क्रमाने. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही: मी प्राधान्य 'मीडियम' दिलं होतं, आणि डेब्कॉन्फ मुळात 'हाय'पासून पुढचंच दाखवतो. प्राधान्य वाढवल्यावर एकदा दिसलं, मग पुन्हा कधीच नाही, कारण एकदा पाहिलेला प्रश्न तो 'पाहिला' म्हणून लक्षात ठेवतो. चाचणी करताना ती खूण हाताने पुसावी लागते. तिसरी अडचण: निवेदन दाखवायचं नसेल तेव्हा डेब्कॉन्फ ३० हा कोड परत करतो, आणि चुकीवर थांबायला सांगितलेली स्क्रिप्ट तिथेच मरते. त्या ओळीपुढे 'नाहीतर ट्रू', म्हणजे चूक आली तरी पुढे जा, असं लावणं सक्तीचं आहे.

एवढं झाल्यावर वाईच्या मशीनवर साध्या कन्सोलवरून पाहिलं. मराठी जोडाक्षरांच्या जागी चौकोन. लिनक्सच्या कन्सोलच्या फॉन्टमध्ये एका वेळी जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात, आणि जोडाक्षरं जुळवायची सोय तिथे नाहीच. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत चालवायचा तर चित्रमयच घ्यावा लागतो, तो याच कारणाने. हे मला माहीत होतं, तरी दोन दिवस आठवलं नाही.

आणि मुख्य म्हणजे आपोआप अपडेट करणारी यंत्रणा डेब्कॉन्फला गप्प बसायलाच सांगते. सात मशीनवर चौकट उघडणारच नाही.

डेब्कॉन्फ पूर्ण काढून टाकला. नऊ तास गेले. ज्यांच्याकडे अपडेट करणारा माणूस पडद्यासमोर बसलेला असतो आणि त्याला काही निवडायचं असतं, त्यांच्यासाठी तो योग्यच आहे. माझ्या ग्रंथपालांना काही निवडायचं नाही, वाचायचं आहे.

२४ जून (५ तास)

नवी मांडणी. ग्रंथपालांसाठीचा मजकूर प्रोग्रामच्याच पहिल्या खिडकीत. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडली की डेटाबेसला हात लावायच्या आधी खिडकी मजकूर दाखवते आणि 'वाचले' असं बटण देते. देवघेवीची खिडकी उघडी असताना रचना बदलायचीच नाही, हे प्रोग्राम स्वतः पाहतो, त्यामुळे ती सूचना मजकुरातून गेलीच. प्रीइन्स्ट आता काही बोलत नाही. पोस्टइन्स्ट दोन ओळी छापते: काय बदललं आणि पूर्ण मजकूर कुठल्या फाइलमध्ये आहे. त्या दोन ओळी माझ्यासाठी आणि फलटणच्या सहकाऱ्यासाठी.

मजकूर एकाच साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. एक परिच्छेद, एक ओळ, कितीही लांब. हाताने कुठेही ओळ मोडलेली नाही, समास नाही. पायथनची चाळीस ओळींची स्क्रिप्ट त्यातून हवे ते आकार काढते: वर्णनासाठी एक स्पेस आणि टिंबाच्या ओळी, न्यूजसाठी दोन स्पेसचा समास. खिडकीला तो कच्चाच जातो, कारण खिडकीची रुंदी खिडकीलाच माहीत. पायथनचं इंडेंट रिकाम्या ओळींना समास लावत नाही, त्यामुळे टिंबाच्या ओळी वेगळ्या घालाव्या लागल्या.

कंट्रोल फाइल बिल्ड चालू असताना बदलायची नाही, ती आधीच तयार असावी लागते. म्हणून स्क्रिप्ट मी कमिट करण्याआधी चालवते, आणि बिल्ड फक्त ताडून पाहतो की मूळ मजकूर आणि काढलेला मजकूर जुळतात का. जुळत नसतील तर थांबतो.

शेवटचा दीड तास लांब ओळी शोधणाऱ्या तपासणीत गेला. ती ऑक या छोट्या भाषेत लिहिली होती. माझ्या मशीनवर सगळं ठीक, स्वच्छ क्रूटमध्ये (बिल्डसाठीच्या वेगळ्या, कोऱ्या डेबियनमध्ये) प्रत्येक मराठी ओळ 'फार लांब'. माझ्याकडे जीऑक आहे, डेबियन मुळात एमऑक देतं, आणि एमऑक लांबी बाइटांत मोजतं. ६ जूनचीच गोष्ट, वेगळ्या दारातून. तपासणीही पायथनमध्ये हलवली. वर्ड-काउंटची चिन्हं मोजायची सोय वापरू नका, लोकेल (मशीनची भाषेची मांडणी) साधं सी असेल तर तीही बाइटांवर येते.

२७ जून (२ तास)

न्यूजची फाइल. ही चेंजलॉगच्या (बदलांच्या नोंदीच्या) साच्याची असते, पण आत तारांकित मुद्दे नकोत, सलग परिच्छेद हवेत. शेवटच्या सहीच्या ओळीत सुरुवातीला एक स्पेस, दोन जोडरेघा, आणि ईमेल व तारखेच्या मधे दोन स्पेस.

माझी सही साच्यात बसत नाही अशी तक्रार आली. स्पेस तीनदा मोजल्या. चूक तारखेत होती: माझ्या मशीनचं लोकेल मराठी आहे, आणि स्क्रिप्टने डेट कमांडकडून वाराचं नाव घेतलं ते मराठीत, 'गुरु'. साच्याला इंग्रजी वार आणि महिना लागतात. डेटचा ईमेल-पद्धतीचा पर्याय लोकेल काहीही असलं तरी इंग्रजीच देतो, तो लावला.

१ जुलै (२ तास)

काल रात्री सात मशीनवर आपोआप गेलं, आज दोन हाताने केली. पोस्टइन्स्टच्या दोन ओळी नऊही लॉगमध्ये जशाच्या तशा आहेत, मार्ग कुठे तुटलेला नाही. एकूण ४२ तास झाले.

अकरा वाजता कोरेगावहून काकांचा फोन. खिडकी उघडली, सगळं नीट दिसतंय, वाचता येतंय. "पण ताई, जुना साठा दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला म्हणजे काय? आमच्याकडे बावीस कपाटं आहेत."

मी डेटाला 'साठा' लिहिलं होतं. वाचनालयात साठा म्हणजे ग्रंथसाठा, म्हणजे पुस्तकं. इतके दिवस मी स्पेस आणि टिंबं मोजत होते, आणि तो शब्द रोज डोळ्यांसमोर होता. 'जुन्या नोंदवहीची प्रत' असं केलं. मूळ फाइलमध्ये एक ओळ बदलली, स्क्रिप्ट चालवली, न्यूज आणि खिडकी दोन्हीकडे बदल गेला, बिल्ड सोळा मिनिटांत रेपॉझिटरीत. काकांना फोन करून नवी ओळ वाचून दाखवली. म्हणाले, आता कळतंय, आणि 'अनामत'च्या ओळीकडेही एकदा बघा. उद्या तेच.